विश्लेषण : ‘साहेब कधी भेटतील?’ उद्योजिकेला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाची किंमत किती?

काउंटरवर बाई बसलेली असते. मालाची ऑर्डर तिनेच दिलेली असते, चेकवर सही तिची असते, जीएसटी क्रमांक तिच्या नावावर असतो. तरी कंपनीचा सेल्समन येतो, इकडेतिकडे पाहतो आणि विचारतो, ‘साहेब कधी भेटतील?’ स्वतःचा व्यवसाय चालवणाऱ्या कोणत्याही महिलेला विचारा, हा प्रश्न तिच्या ओळखीचा निघेल. काही जणी ‘मीच साहेब’ म्हणून मोकळ्या होतात. काही जणी वाद नको म्हणून नवऱ्याचा नंबर देतात.

हा प्रश्न फक्त खटकणारा आहे, की त्याने धंद्याचं खरोखर नुकसान होतं? जगभरात झालेले प्रयोग, भारतातले सरकारी आकडे आणि काही नामवंत उद्योजिकांनी जाहीरपणे सांगितलेले अनुभव एकत्र पाहिले, तर नुकसान होतं आणि बऱ्याच अंशी ते मोजताही येतं.

सहीतलं नाव बदललं आणि पत्रांना उत्तरं आली

गोष्ट १९६२ची, इंग्लंडमधली. स्टेफनी शर्ली यांनी घरातल्या डायनिंग टेबलवर सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. भांडवल होतं सहा पौंड. सॉफ्टवेअर ही विकत घ्यायची वस्तू आहे, हेच तेव्हा लोकांना पटत नव्हतं. त्यात ते विकणारी बाई. कामाची विचारणा करणारी त्यांची पत्रं कंपन्यांकडे जात आणि उत्तर येत नसे. नवऱ्याने सुचवलं, ‘स्टेफनी’ऐवजी घरातलं टोपणनाव ‘स्टीव्ह’ वापरून सही कर. त्यांनी तसं केलं आणि बोलावणी येऊ लागली. समोर स्टीव्ह नावाची बाई उभी आहे हे कळेपर्यंत त्या आत पोहोचलेल्या असत.

लग्न किंवा मुलं झाली म्हणून नोकरी सुटलेल्या प्रोग्रॅमर महिलांना त्यांनी घरून काम दिलं. वर्क फ्रॉम होम हा शब्दही नव्हता तेव्हा. फोन आला की मागे टायपिंगच्या आवाजाची टेप लावायची, म्हणजे मुलांचा गोंधळ पलीकडे ऐकू जाणार नाही आणि ऑफिस भरलेलं वाटेल, ही त्यांचीच युक्ती. काँकॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगवान विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग याच घरून काम करणाऱ्या महिलांनी केलं. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांपैकी २९७ महिला होत्या. पुढे १९७५मध्ये ब्रिटनमध्ये लिंगभेदविरोधी कायदा आला आणि गंमत अशी की, त्यामुळे शर्ली यांना पुरुषांनाही समान संधी देणं भाग पडलं. ऑगस्ट २०२५मध्ये वयाच्या ९१व्या वर्षी त्यांचं निधन झालं. शेवटपर्यंत जग त्यांना ‘स्टीव्ह’ म्हणूनच ओळखत होतं.

हे साठ वर्षांपूर्वीचं झालं, असं म्हणावं तर २०१७मध्ये बातम्यांत आलेलं लॉस एंजेलिसचं उदाहरण आहे. पेनेलोपी गॅझिन आणि केट ड्वायर या दोघींनी कलावस्तू विकणारी ‘विचसी’ ही वेबसाइट काढली. बाहेरचे डेव्हलपर आणि डिझायनर त्यांच्या ईमेलना उशिरा आणि तुटक उत्तरं देत. एकाने तर ‘ओके, गर्ल्स’ अशी सुरुवात केली. दोघींनी मग ‘कीथ मान’ नावाचा तिसरा भागीदार बनवला. प्रत्यक्षात तो कुठेच नव्हता, होता फक्त एक ईमेल आयडी. ज्या उत्तरासाठी या दोघींना अनेक दिवस थांबावं लागत होतं, ते कीथला लगेच मिळू लागलं. वर ‘आणखी काही मदत हवी का?’ अशी विचारपूसही. काम तेच, पैसे तेच. सहीतलं नाव तेवढं बदललं होतं.

तेच भाषण, आवाज वेगळा

एकदोन कंपन्यांचे अनुभव हा पुरावा होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे प्रयोगांकडे पाहायला हवं.

अमेरिकेतल्या हार्वर्ड, व्हार्टन आणि एमआयटीच्या संशोधकांनी २०१४मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच व्यवसायाची कल्पना, एकच संहिता. ती काहींना पुरुषाच्या आवाजात ऐकवली, काहींना बाईच्या. ऐकणाऱ्यांना दोन व्यवसायांपैकी एक निवडायचा होता. पुरुषी आवाजातला व्यवसाय निवडणारे ६८ टक्के निघाले, बाईच्या आवाजातला निवडणारे ३२ टक्के.

दुसरा अभ्यास जास्त बोलका आहे, कारण त्यात उघड नकार कुठेच नाही. न्यूयॉर्कच्या ‘टेकक्रंच डिसरप्ट’ स्पर्धेत स्टार्टअपवाले गुंतवणूकदारांसमोर उभे राहतात आणि त्यांना प्रश्न विचारले जातात. या प्रश्नोत्तरांचा शब्दशः अभ्यास झाला. पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६७ टक्के वाढीबद्दलचे होते, महिलांना विचारलेल्यांपैकी ६६ टक्के धोक्याबद्दलचे. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याला विचारतात, ‘दुसरी शाखा कधी काढताय?’ आणि तिला विचारतात, ‘महिन्याचा खर्च तरी निघतो का?’

धोक्याचा प्रश्न आला की माणूस बचाव करतो. आणि बचाव करणाऱ्याकडे मोठं स्वप्न आहे असं ऐकणाऱ्याला वाटत नाही. या अभ्यासातल्या पुरुषांच्या कंपन्यांनी महिलांच्या कंपन्यांपेक्षा सुमारे पाचपट निधी उभा केला. विशेष म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या गुंतवणूकदारांत ४० टक्के महिला होत्या आणि त्यांचे प्रश्नही याच धाटणीचे होते. म्हणजे गृहीतक फक्त पुरुषांच्या डोक्यात असतं, असं नाही. आणखी एक गोष्ट दिसली. धोक्याच्या प्रश्नाला वाढीचं उत्तर देणाऱ्या उद्योजकांना बचाव करत बसलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त पैसा मिळाला.

भारतात काय घडतं?

किरण मजुमदार-शॉ ऑस्ट्रेलियातल्या बॅलरात इथून मद्यनिर्मितीचं म्हणजे ब्रूइंगचं शिक्षण घेऊन परतल्या. वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. भारतातल्या कंपन्यांनी हे पुरुषांचं काम असल्याचं सांगून त्यांना नोकरी दिली नाही. १९७८मध्ये वयाच्या २५व्या वर्षी त्यांनी बेंगळुरूत दहा हजार रुपयांच्या भांडवलावर ‘बायोकॉन’ सुरू केली, भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये. बँका कर्ज देईनात. वडिलांना जामीनदार करा, असं सुचवलं जाई. मुलाखतीला आलेले उमेदवार त्यांना मालकांची सेक्रेटरी समजत. काहींना तर बाईच्या हाताखालची नोकरी टिकेल का, हीच शंका होती. हे सगळं त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. २००४मध्ये बायोकॉन शेअर बाजारात आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिचं मूल्य एक अब्ज डॉलरच्या वर गेलं.

बायोकॉनची गोष्ट यशाची म्हणून सांगितली जाते. तिची दुसरी बाजू अशी, की त्याच काळात बँकेच्या दारातून परत फिरलेल्या इतर जणींची नावं कुणालाच माहीत नाहीत.

आणि हे गृहीतक सगळीकडे सारखं लागू होत नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून ‘लिज्जत’ उभी राहिली. पापड, लोणची, शिवणकाम, पार्लर यांत बाई दिसली तर कुणी साहेबांची चौकशी करत नाही. लेथ मशीन, ट्रान्सपोर्ट, हार्डवेअर, बांधकाम साहित्य, खतं-बियाणं म्हटलं की लगेच करतं. म्हणजे बाईने धंदा करायला हरकत नसते, तो घरातल्या कामासारखा दिसला पाहिजे.

भाषेतही हेच मुरलेलं आहे. महाराष्ट्राच्या अनेक भागांत आजही बायका नवऱ्याचा उल्लेख ‘आमचे मालक’ असा करतात. ‘डॉक्टरीणबाई’ म्हणजे डॉक्टरांची बायको, ‘पाटलीणबाई’ म्हणजे पाटलांची. ‘मालकीणबाई’ म्हटल्यावर जिच्या नावावर कारखाना आहे अशी बाई डोळ्यांसमोर येते, की मालकांच्या घरातली? सेल्समनचा प्रश्न आकाशातून पडलेला नाही.

आकडे काय सांगतात?

लघु उद्योगांची नोंदणी करणारं ‘उद्यम’ पोर्टल १ जुलै २०२० रोजी सुरू झालं. केंद्र सरकारने २०२४मध्ये दिलेल्या माहितीनुसार तिथे नोंदलेल्या उद्योगांपैकी २०.५ टक्के महिलांच्या मालकीचे आहेत. रोजगारात त्यांचा वाटा १८.७३ टक्के, गुंतवणुकीत ११.१५ टक्के आणि उलाढालीत १०.२२ टक्के.

हे चार आकडे एकापुढे एक ठेवून वाचा. पाचातला एक उद्योग बाईचा. हाताला काम देण्यातही ती जवळपास तेवढीच पुढे. पण पैसा तिच्यापर्यंत निम्माच पोहोचतो आणि उलाढालही निम्मीच राहते. याचं सगळं खापर पूर्वग्रहावर फोडता येणार नाही. बऱ्याच महिला कमी नफ्याच्या क्षेत्रांत आहेत, घर सांभाळून उरलेल्या वेळेत काम करतात, मोठं कर्ज मागतच नाहीत. मात्र ही कारणंही हवेत तयार होत नाहीत.

सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३-१४) महिलांच्या मालकीच्या आस्थापनांपैकी सुमारे ७९ टक्के स्वतःच्या पैशावर उभ्या होत्या आणि सुमारे ८३ टक्के ठिकाणी एकही पगारी माणूस नव्हता. म्हणजे धंदा तिचा, पैसा तिचा, राबणारीही तीच.

मार्च २०२५मध्ये नीती आयोगाचा महिला उद्योजकता मंच, ट्रान्सयुनियन सिबिल आणि मायक्रोसेव्ह कन्सल्टिंग यांचा अहवाल आला. २०२४मध्ये महिलांनी घेतलेल्या कर्जांपैकी ३८ टक्के सोन्यावरची होती. व्यवसायासाठीची होती फक्त ३ टक्के.

सोनंच का? कारण ते तिचं असतं आणि ठेवताना कुणाची सही लागत नाही. जमीन तिच्या नावावर क्वचित असते. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीदारांमध्ये महिला जेमतेम १४ टक्के होत्या. घर, दुकानाचा गाळा यांचीही स्थिती फार वेगळी नाही. बँक तारण मागते, तारण नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असतं, म्हणून ते सहकर्जदार होतात, आणि मग फोन त्यांनाच जातो. ‘साहेब कधी भेटतील?’ हा प्रश्न बँकेत असा कागदोपत्री तयार होतो. शिवाय सहकर्जदार झाला की त्याचा सिबिल स्कोअरही मोजला जातो. नवऱ्याने जुन्या गाडीचे हप्ते थकवले असतील, तर बायकोची मशीन अडते.

कागदावरची मालकीण

या विषयातली सर्वात अवघड गाठ इथे आहे. बँक अधिकारी किंवा सरकारी कर्मचारी ‘खरा धंदा कोण करतं?’ असं बाईला विचारतो तेव्हा तो दर वेळी पूर्वग्रहापोटीच विचारतो, असं नाही. त्याने कागदावरच्या मालकिणी पाहिलेल्या असतात.

महिलांना सवलत असलेल्या योजनेत अर्ज तिच्या नावाने करायचा आणि कारभार पुरुषाने पाहायचा, हा प्रकार गावोगावी माहीत आहे. पोस्टाच्या आवर्ती ठेवीची एजन्सी महिलांसाठी राखीव आहे. तरी हप्ते गोळा करत स्कूटरवर फिरणारा एजंटबाईंचा नवरा अनेकांनी पाहिला असेल. सरकारी नोकराला सेवा-वर्तणूक नियमांनुसार परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही, मग दुकानाच्या पाटीवर बायकोचं नाव येतं. सरपंचबाईंच्या खुर्चीवर बसणाऱ्या ‘सरपंचपतीं’चंच हे बाजारातलं रूप.

सरकारला याची कल्पना आहे. म्हणून एप्रिल २०१६मध्ये सुरू झालेल्या ‘स्टँडअप इंडिया’त महिलेचा किमान ५१ टक्के हिस्सा आणि नियंत्रण, दोन्ही अटी होत्या. सरकारी खरेदीतही सूक्ष्म व लघु उद्योगांच्या वाट्यातले ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून घ्यावेत, अशी तरतूद २०१८मध्ये झाली. तिथेही भागीदारी किंवा कंपनी असेल तर ५१ टक्क्यांचीच अट. पण ५१ टक्के शेअर कागदावर दाखवता येतात. नियंत्रण कुणाचं, हे कागद कसा सांगणार?

नुकसान दोन्हीकडून होतं. सवलतीचा फायदा भलताच घेतो आणि त्यामुळे वाढलेला संशय वाट्याला येतो खऱ्या मालकिणीच्या. तिला कर्जफेडीची ऐपत सिद्ध करावी लागते, शिवाय आपण खरोखर धंदा करतो हेही. पुरुष अर्जदाराला ही दुसरी परीक्षा कधीच द्यावी लागत नाही.

नियम नेमका काय आहे?

महिलेच्या व्यवसाय कर्जाला पती, वडील किंवा कुणी पुरुषच जामीनदार हवा, असा नियम भारतात नाही. अमेरिकेत मात्र काही राज्यांचे कायदे महिलेच्या व्यवसाय कर्जासाठी पुरुष नातेवाइकाची सही मागत. ते १९८८च्या कायद्याने संपले. आपल्याकडे ही सवय आहे, कायदा नाही. सवय मोडायला कायदा रद्द करण्याइतका सोपा मार्ग नसतो, एवढाच फरक.

सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१०मध्येच बजावलं होतं. त्यापुढच्या रकमेसाठी ‘सीजीटीएमएसई’ या ट्रस्टची हमी मिळू शकते. तारणाच्या जागी ही हमी उभी राहते, आणि महिलांच्या उद्योगांना ती जास्त टक्के मिळते, शुल्कातही सूट आहे. कर्ज नाकारलं तर कारण लेखी द्यावं, हेही रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये आहे. तोंडी ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणणारा अधिकारी तेच वाक्य सहीनिशी लिहून देईल का, हे विचारून पाहण्यासारखं आहे.

उधारी वसूल करायला घरातल्या पुरुषाला पाठवावं लागतं, हीही नेहमीची तक्रार. ‘उद्यम’वर सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंद असलेल्या उत्पादक आणि सेवा व्यवसायांसाठी २००६च्या एमएसएमई कायद्याचा आधार आहे. माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हा फायदा नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे. एकल मालकीच्या व्यवसायात ती मालकाच्या स्वतःच्या आधार क्रमांकावर होते. इथेच बऱ्याचदा घोळ होतो. सायबर कॅफेत किंवा सीएकडे नवरा जातो, ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो, आणि बँकेचे, जीएसटीचे, ग्राहकांचे फोन पुढे त्याच नंबरवर जात राहतात. नोंदणी, करंट खातं आणि व्यवसायाचं व्हॉट्सॲप या तिन्हींना तिचाच नंबर असेल, तर साहेबांची चौकशी करणाऱ्याला निदान फोन तरी तिलाच करावा लागतो.

म्हसवडमध्ये काय झालं?

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडमध्ये, चेतना गाला सिन्हा यांनी नव्वदच्या दशकात महिलांची बँक काढायचं ठरवलं. कारण साधं होतं. रोज थोडे पैसे बाजूला टाकू पाहणाऱ्या एका महिलेचं खातं उघडायला बँका तयार नव्हत्या, रक्कम फारच छोटी म्हणून. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. प्रवर्तक महिलांपैकी काही निरक्षर होत्या आणि अंगठा लावणाऱ्या बायका बँक कशी चालवणार, असा मुद्दा होता.

महिलांनी आधी लिहा-वाचायला शिकायला सुरुवात केली आणि मग पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन बसल्या. म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नाही, पण मोजता येतं. कोणतीही मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा आणि बघा कोण आधी सांगतं. १९९७मध्ये ‘माणदेशी महिला सहकारी बँके’ला परवाना मिळाला.

बँक सुरू झाल्यावर एक वेगळीच अडचण समोर आली. बँकेने दारोदारी जाऊन खाती उघडली, पासबुकं दिली, पण महिला ती घ्यायला तयार नव्हत्या. पासबुक घरी गेलं की शिल्लक नवऱ्याला दिसते आणि मग ती मागितली जाते, असं त्यांचं म्हणणं होतं, हे सिन्हा यांनीच सांगितलं आहे. बँकेने मग पासबुकाऐवजी कार्ड दिलं. त्यावर शिल्लक छापलेली नसते.